तेहतिसाव्या वचनाच्या पुढे

पप्पांचं दुकान मोटार रिवायंडिंगचं. नेकनूरहून केजला जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या गावाचा फाटा आहे, तिथं. बोअरची मोटार जळाली की लोक ती मोटारसायकलवर आडवी बांधून आणतात आणि नवी तार भरून होईपर्यंत बाकड्यावर बसून राहतात. त्यामुळे दुकानापुढे माणसं कायमच असायची. पण ग्रामपंचायतीची निवडणूक लागली त्या महिन्यात मोटार न घेताच माणसं यायला लागली.

मी तेव्हा बी.एस्सी. संपवून घरी आले होते. माझं सगळं शिक्षण बीडला, होस्टेलवर राहून, इंग्रजी माध्यमात झालं. गावात मी कुणाला फारशी ओळखत नव्हते, माझ्याबद्दल मात्र सगळ्यांना सगळं माहीत होतं. मी दुकानात डबा द्यायला जायची, डबा ठेवायची, परत यायची. तेवढ्या वेळात दिसेल ते बघून घ्यायची. बाकड्यावरची माणसं मला बघून पाय आत घेत आणि एकमेकांना गप्प करत. मी वळले की पुन्हा सुरू होत.

पप्पा उभे राहतील असं आमच्या घरात कुणाला वाटलं नव्हतं. त्यांची आई म्हणजे आजोबांची दुसरी बायको. लग्न लागलं होतं की नाही यावर गावात अजून दोन मतं आहेत. आजोबा गेल्यावर सावत्र भावांनी पप्पांना घराबाहेर काढलं, तेव्हा पप्पांना मिसरूडही फुटलं नव्हतं. बीडमध्ये एका मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकून ते परत आले आणि त्याच गावाच्या फाट्यावर त्यांनी दुकान टाकलं. भाऊ रविवारी देवळात, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, पुढच्या बाकावर बसत. बोलणं नव्हतं. मग गावाच्या पाण्याची मोटार जळाली, ती कुणी बसवून देईना, आणि पप्पांनी ती भरून, खाली सोडून, चालू करून दिली. त्यानंतर आठवडाभरात वॉर्डातली जाणती माणसं आमच्या घरी आली. त्यांच्यात सावत्र भावांतले थोरले काकाही होते.

“मिस्त्री, तुमीच उभं ऱ्हावा,” ते म्हणाले. भाऊ म्हणाले नाहीत, मिस्त्री म्हणाले. पण पप्पांना तेवढंही पुरलं. काका गेल्यावर त्यांचा चहाचा कप पप्पांनी स्वतः उचलून नेला.

ही गोष्ट आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांच्या कानावर गेली आणि ते लगेच म्हणाले, “मिस्त्री, तुमची कथा शास्त्रात आहे की हो.”

आमच्याकडे दर शुक्रवारी संध्याकाळी घरप्रार्थना असते. चार-पाच घरं जमतात, पाळकसाहेब येतात, एखादा अध्याय घेतात. त्या शुक्रवारी त्यांनी शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, शास्ते या पुस्तकातला अकरावा अध्याय काढला. इफ्ताह नावाचा शूर माणूस. परक्या बाईचा मुलगा. सावत्र भाऊ त्याला सांगतात की बापाच्या घरात तुला वाटा नाही, आणि हाकलून देतात. तो दूर जाऊन राहतो. पुढे लढाईची वेळ येते तेव्हा गावातले वडीलधारे त्याच्याकडेच येतात आणि आमचा पुढारी हो म्हणतात.

पप्पा मान खाली घालून ऐकत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

घरप्रार्थनेत आमच्याकडे आळीपाळीनं एकेक वचन वाचतात. गोल बसायचं, आणि ज्याच्या वाट्याला जे येईल ते त्यानं मोठ्यानं वाचायचं. मला जुनं मराठी वाचताना अडखळायला होतं, म्हणून मी आधीच माणसं मोजून माझं वचन शोधून ठेवते आणि मनात दोनदा वाचून घेते. दुसरे काय वाचतात ते मला ऐकूच येत नाही. त्या दिवशी माझ्या वाट्याला तिसरं वचन आलं. इफ्ताहाभोवती रिकामटेकडी माणसं जमली आणि ती त्याच्याबरोबर जाऊ-येऊ लागली, असं त्यात होतं.

निवडणुकीमुळे दुकानापुढे बसणारी पोरंही प्रार्थनेला यायला लागली होती. ती काही आमच्या मंडळीतली नव्हती. चपला बाहेर काढून दारात बसायची, चहा-पोहे होईपर्यंत. त्यांच्यातला एक पिकअप चालवायचा. माझं वचन वाचून झालं आणि तो म्हणाला, “रिकामटेकडी? पाळकसाहेब, आमचं नाव बी हाय का काय त्याच्यात?”

“तुझं तर फोटोसकट छापलंय बे,” मागून कुणीतरी म्हणालं.

सगळे हसले. पाळकसाहेबही हसले, आणि मग गंभीर होऊन म्हणाले की देव असल्याच माणसांमधून पुढारी घडवतो. वाचन अकराव्या वचनाला थांबलं. तिथं लोक इफ्ताहाला आपला प्रमुख करतात. मग नेहमीप्रमाणे प्रत्येकानं आपल्याला यातून काय मिळालं ते सांगितलं. मी दर वेळी मला शांती मिळाली म्हणते. त्या दिवशीही तेच म्हणाले.

त्यानंतर प्रचार संपेपर्यंत तोच उतारा चालला. पाळकसाहेबांना तो आवडला होता, पोरांना त्याहून जास्त. पिकअपवाला पप्पांना इफ्ताहमिस्त्री म्हणायला लागला. पुढं काय होतं, हे कुणी विचारलं नाही. शेवटच्या शुक्रवारी पाळकसाहेबांनी तेवढं उभ्याउभ्या सांगितलं, “लढाईला जायच्या आधी इफ्ताहानं देवाला नवस केला, आणि देवानं त्याला जय दिला. एवढं ध्यानात ठेवा, मिस्त्री.” पप्पांनी ठेवलं.

मला पुढचं वाचायची इच्छा झाली ती केवळ दुपार रिकामी होती म्हणून. मम्मी बाजाराला गेली होती. होस्टेलमधून आणलेलं इंग्रजी बायबल माझ्या पेटीत होतं. मी तो अध्याय काढला आणि शेवटपर्यंत वाचला.

इफ्ताह देवाला सांगतो, मला जय दे. मी घरी परत येईन तेव्हा माझ्या दारातून जे कुणी पहिलं मला भेटायला बाहेर येईल, ते मी तुला होम म्हणून जाळून अर्पण करीन. तो जिंकतो. घरी येतो. आणि दारातून त्याची मुलगी बाहेर येते, डफ वाजवत, नाचत. त्याची एकुलती एक मुलगी.

मी तिथंच थांबले. मला वाटलं इंग्रजीत काहीतरी वेगळं छापलंय. मी फडताळातलं मराठी शास्त्र काढलं आणि बोटानं ओळी धरून वाचलं. तेच होतं. तो कपडे फाडतो, रडतो, आणि तिलाच म्हणतो की तू मला खाली पाडलंस. मी देवाला शब्द देऊन बसलोय, मला मागं फिरता येत नाही. ती म्हणते, मग करा तसं. फक्त दोन महिने द्या, मैत्रिणींबरोबर डोंगरात जाऊन रडून येते. ती जाते. आणि परत येते. मला सगळ्यात जास्त धक्का त्या परत येण्याचा बसला. मग तो नवसाप्रमाणे करतो. एवढंच लिहिलंय. एका वाक्यात.

लहानपणापासून मी रविवारची शाळा केली, पाठांतराची बक्षिसं घेतली. ही मुलगी मला कुणीच कधी दाखवली नव्हती. मी दोन्ही पुस्तकं जागच्या जागी ठेवली आणि कुणाला काही बोलले नाही. मी असंच करते.

मतदानाच्या आधीचा रविवार आला. उपासनेत शेवटी साक्षीची वेळ असते. कुणाला बरं वाटलं, कुणाची गाय सापडली, असं काहीबाही लोक उभं राहून सांगतात. पप्पा कधीच उभे राहिले नव्हते. त्या दिवशी राहिले. देऊळ भरलेलं होतं, आणि मागच्या दाराशी पोरंही उभी होती.

“मला बोलता येत न्हाई,” पप्पा म्हणाले. “माझ्याकडं शेत न्हाई. घर हाय ते पत्र्याचं. देवाला द्यावं असं माझ्याकडं एकच हाय.” त्यांनी बायकांच्या बाजूला बघितलं. मी त्यांच्या नजरेतच बसले होते. “मला निवडून आणलं, तर माझी पोरगी मी देवाच्या सेवेला सोडली. बायबल कॉलेजला घालीन. नोकरी न्हाई, दुसरं शिक्षण न्हाई. जन्मभर देवाची.”

“आमेन,” लोक म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. पुढच्या बाकावरून थोरले काकाही म्हणाले. माझ्या शेजारच्या बाईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. मला तिच्या हाताचा घाम केसांत जाणवत होता, आणि त्याशिवाय दुसरं काहीही जाणवत नव्हतं. संभाजीनगरला एम.एस्सी.च्या यादीत माझं नाव लागलं होतं. बातमी आली तेव्हा पप्पांनीच दुकानात पेढे वाटले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. हाच माणूस का, असं मला खरंच वाटलं.

घरी जाताना ते खूप आनंदात होते. रस्त्यात थांबून त्यांनी माझ्यासाठी कलिंगड घेतलं, बोटानं वाजवून, निवडून. “लई भारी वाटलं मला आज,” ते म्हणाले. “तुला?”

मी मान हलवली. ती त्यांनी हो अशी धरली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी मला नळावर गाठलं. त्या आमच्या मंडळीतल्या नाहीत, त्यांच्या घरात खंडोबा आहे. हंडा तसाच भरत सोडून त्या माझ्याजवळ आल्या.

“कावून गं, तुझ्या बापानं तुला देवाला सोडलं म्हणं?”

“तसं नाही काकू. कॉलेज असतं ते.”

“कसलं का आसंना. आमच्यात बी आसंच म्हणायचे. माझ्या आजीच्या बहिणीला सोडलती.” त्यांनी माझा हात धरला. “तुमच्यात बी आसतंय व्हय? मला वाटलं तुमी सुटलात.”

हंडा भरून वाहायला लागला, त्या तिकडे वळल्या. मी माझी कळशी अर्धीच घेऊन घरी आले.

मम्मीला मी विचारलं, तुला माहीत होतं का. ती भाकरी थापत होती. “मला कुठं काय विचारत्यात,” ती म्हणाली. मग भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, “आधी निवडून तर येऊ दे.” मला कळलं की ती ते पडतील या आशेवर आहे. मीही होते. मी तर प्रार्थनासुद्धा केली की पप्पा पडावेत. तेच शब्द वापरून, ज्या शब्दांनी मी परीक्षेसाठी प्रार्थना करायची.

ते निवडून आले. चांगल्या मतांनी आले. दुपारीच हलगीचा आवाज फाट्याकडून गावात शिरला, आणि मग गुलालानं माखलेली पिकअप आमच्या गल्लीत आली. पप्पा मागं हौद्यात उभे होते. त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता, फक्त दात दिसत होते.

“ताई!” पिकअपवाला ओरडला. “या की भाईर! मिस्त्रीला ओवाळा की!”

मी दाराच्या आत उभी होते. मी उंबरा ओलांडला नाही. वेडेपणा आहे हे मला कळत होतं. कुणी मला जाळणार नव्हतं. मी शिकलेली आहे, मी सूक्ष्मजीव भिंगाखाली बघितलेत. पण त्या दारातून पहिली बाहेर पडणारी मी नव्हते, एवढं मला त्या क्षणी नक्की माहीत होतं. मम्मीनं माझ्याकडं एकदा बघितलं, पदर खोचला आणि ती बाहेर गेली.

त्या शुक्रवारी आमच्या घरी आभाराची प्रार्थना ठेवली. एरवी न येणारी घरंही आली. काका आले. पोरं दारापासून अंगणापर्यंत बसली. पाळकसाहेबांनी पुन्हा अकरावा अध्याय काढला. “आज आपण विजयाची वचनं घेऊ,” ते म्हणाले. “एकोणतिसावं, मग बत्तीस आणि तेहतीस. तिघांनीच वाचा, वेळ झालाय.” पहिलं त्यांनी काकांना दिलं, दुसरं एका म्हाताऱ्या आजोबांना. तिसरं मला. “देवाच्या सेवेतल्या मुलीनं वाचावं.”

मी आधी मोजून ठेवलं नव्हतं. तरी अडखळले नाही. इफ्ताहानं गावामागून गाव जिंकलं, शत्रूंनी हार खाल्ली, असं तेहतिसावं वचन आहे. ते संपलं. पाळकसाहेबांनी आमेन म्हणायला तोंड उघडलं, आणि मी चौतिसावं वाचायला लागले.

मी ठरवलं नव्हतं. माझ्याकडे स्वतःचे शब्द कधीच नसतात, पण हे शब्द समोर छापलेले होते. मी वाचत राहिले. मुलगी दारातून बाहेर येते. बाप कपडे फाडतो. पाळकसाहेब हळू आवाजात “बास, बाळा” म्हणाले. मी ऐकलं आणि वाचत राहिले. डोंगर. मैत्रिणी. दोन महिने. परत येणं. नवसाप्रमाणे करणं. अध्यायाचं शेवटचं वचन संपलं तेव्हा अंगणात कुणीतरी कप खाली ठेवल्याचा आवाज ऐकू आला.

“म्हंजे?” पिकअपवाल्यानं विचारलं. “मारली?”

तो बसल्याजागी पुढं सरकला.

“पाळकसाहेब, मारली का त्यानं पोरगी?”

“ती वचनं आनंदाच्या प्रसंगी घेत नाहीत,” पाळकसाहेब म्हणाले.

मी पप्पांकडे बघितलं. मला वाटलं होतं की आता त्यांना दिसेल. मी जे त्या दुपारी बघितलं ते त्यांना दिसेल, आणि ते घाबरतील, आणि हे सगळं संपेल. पप्पांचे डोळे खरंच भरले होते. ते हात जोडून म्हणाले, “बघा. एवढी लाडाची पोरगी. पण शब्द मोडला न्हाई गड्यानं.”

त्याच ओळी, त्याच खोलीत, मी माझ्या आवाजात वाचल्या. मला त्यात ती मुलगी दिसली. त्यांना शब्द पाळणारा बाप दिसला.

तेव्हा मम्मी बोलली. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती, हातात चहाची किटली. “तिची आई कुठं होती?”

पाळकसाहेबांना आधी कळलं नाही. “कुणाची?”

“त्या पोरीची. एवढं सगळं चाललंय, बाप नवस करतोय, पोरगी डोंगरात जातीय. आई काय करतीय? बघा की पुस्तकात.”

पाळकसाहेबांनी पान उलटलं, परत उलटलं. “उल्लेख नाही,” ते म्हणाले.

“नसंल तिला,” मम्मी म्हणाली. “हिला हाय.”

काका उठून उभे राहिले. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. पप्पा मम्मीवर ओरडतील असं मला वाटलं, सगळ्यांनाच वाटलं. पण ते माझ्याकडे वळले. “तू सांग,” ते म्हणाले. “तुला जायचंय का न्हाई सेवेला?”

हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. “न्हाई,” मी म्हणाले. घरात मी कधी न्हाई म्हणत नाही, नाही म्हणते. त्या वेळी पप्पांच्याच बोलीत निघालं.

“मग आधी कावून बोलली न्हाईस?”

त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. भाऊ, पाळकसाहेब, दारातली पोरं. आणि मग माझ्याकडेच बघून, अगदी हळू, मलाच काहीतरी ठाऊक असेल अशा आवाजात त्यांनी विचारलं, “आता मी देवाला काय सांगू?”

इतके दिवस मी समजत होते की गर्दी जमली आणि पप्पांना चढली. त्यांनी ते सगळं भाषण म्हणून म्हटलं असेल. त्या प्रश्नानं मला कळलं की देवळात उभं राहून ते फक्त एकाशीच बोलत होते आणि बाकीची माणसं त्यांच्या लेखी तिथं नव्हतीच.

पुढच्या महिन्यात मम्मीनं मला संभाजीनगरला आणून सोडलं. पप्पांनी अडवलं नाही, एसटीत बॅगा चढवून दिल्या. ग्रामपंचायतीत ते चांगलं काम करतात म्हणे, पाणी वेळेवर येतं. दुकानापुढे अजून तेवढीच माणसं असतात. मंडळीत कुणी नवसाचा विषय काढत नाही, पण पप्पा आता साक्षीच्या वेळेआधीच उठून बाहेर जातात, असं मम्मी सांगते.

मला मात्र ते रोज फोन करतात. कॉलेजचं विचारत नाहीत, खाण्याचं विचारत नाहीत. तब्येत बरी हाय ना, एवढंच विचारतात. सुरुवातीला मला बरं वाटायचं. एकदा मी सर्दी झालीय म्हणाले तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं ते होस्टेलच्या फाटकाशी उभे. माझ्या कपाळाला हात लावून बघितला. माझ्या डोळ्यांत बघितलं. तेव्हा मला समजलं की ते वाट बघतायत. जे द्यायचं कबूल केलं आणि दिलं नाही, ते देव स्वतः येऊन कधी घेऊन जातो, याची.

मी त्यांना सांगू शकले असते की देव असा नाही. पण तो अध्याय मीच त्यांना वाचून दाखवला होता.

गेल्या आठवड्यात मला ताप होता. चांगला दोन दिवस होता. फोन वाजला की मी उठून बसायची, पाणी प्यायची, घसा साफ करायची.

“तब्येत?”

“एकदम बरी आहे, पप्पा.”

“आवाज असा का?”

“झोपेतून उठले.”

“बरं,” ते म्हणायचे. आणि फोन ठेवायच्या आधी त्यांनी सोडलेला श्वास मला इथपर्यंत ऐकू यायचा.